पंडुमाची तारीख

चंद्रपूरहून आलापल्लीकडे निघालात, तर गोंडपिपरीच्या पुढे वैनगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडला की आष्टी येते आणि गडचिरोली जिल्हा सुरू होतो. चैत्रात या रस्त्याला सावली नसते. सागाने पाने टाकलेली असतात, पळसाचा बहर ओसरलेला असतो आणि मोहाच्या झाडाखाली पहाटेपासून बायका-मुले वाकून फुले वेचत असतात. आलापल्लीपासून भामरागडच्या दिशेने वळले की मात्र ओढ्यांच्या काठाने रानआंब्याची जुनी, उंच झाडे दिसू लागतात.

गेल्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला अशाच एका झाडाखाली आम्ही गाडी थांबवली. रात्री वारा सुटला असावा, खाली कैऱ्यांचा सडा पडला होता. माझ्या पत्नीने त्यातल्या दोन कैऱ्या उचलल्या. डब्यात मीठ-तिखट होतेच. तेवढ्यात मोहफुलांची टोपली डोक्यावर घेऊन जाणारी दहा-बारा वर्षांची एक मुलगी थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, “नाही जी, अजून नाही.” एवढे बोलून ती उभी राहिली. पत्नीने माझ्याकडे पाहिले, मी मान हलवली आणि तिने कैऱ्या जिथल्या तिथे ठेवल्या. मग ती मुलगी चालू लागली.

त्या झाडाखाली मी मुद्दाम पाहिले. कैरी म्हटली की ज्या वयात तोंडाला पाणी सुटते त्या वयाची मुले तिथून दिवसभर ये-जा करत होती. तरीही दात लागलेली एकही कैरी तिथे नव्हती.

वाचकहो, हा ‘अजून नाही’ समजायला मला फार वेळ लागला, आणि त्याची किंमत मी दिलेली नाही, दुसऱ्यांनी दिली. ती हकीकत पुढे सांगतो. आधी पंडुम म्हणजे काय ते पाहू.

पंडुम म्हणजे सण. भामरागड, एटापल्ली या भागांतील माडिया गोंडांचा हा शब्द. आपले सण बहुतेक करून कुणाच्या तरी जन्माचे, विजयाचे किंवा व्रताचे असतात. यांचे पंडुम हे प्रामुख्याने रानातल्या आणि शेतातल्या एकेका वस्तूचे असतात. पेरणीआधी बियाण्याचा विज्जा पंडुम, आंब्याचा मरका पंडुम, मोहफुलांचा वेगळा, नव्या धानाचा वेगळा. गाव एकत्र येते, त्या वस्तूचा पहिला वाटा देवाला आणि गेलेल्या पूर्वजांना दिला जातो आणि त्यानंतरच ती वस्तू घरोघरी खाण्यासाठी खुली होते. तोवर झाडाला लगडलेले फळ असून नसल्यासारखेच.

या सणांची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात सापडत नाही. गावाचे धर्मकार्य पाहणारा गायता आणि जाणती माणसे बसून ती ठरवतात. चंद्र पाहतात, झाड पाहतात, घरातला साठा पाहतात. त्यामुळे नाल्याच्या अलीकडच्या गावाचा पंडुम या आठवड्यात, तर पलीकडच्या गावाचा पुढच्या, असेही होते. बाहेरच्या माणसाला ही तारीख कळण्याचा एकच उपाय असतो. विचारणे.

मी विचारले नव्हते.

1996 साली मी दक्षिण गडचिरोलीतील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. नवा एम.बी.बी.एस., अंगात उत्साह आणि हातात तक्ता. कोणत्या गावी कोणत्या दिवशी लसीकरण हे आम्ही केंद्रात बसून, जीप आणि बर्फ यांच्या हिशेबाने ठरवत असू. मे महिन्याच्या अखेरीस एका आडगावची पाळी होती. पावसाआधीची शेवटची फेरी, कारण पुढे नाले भरले की ते गाव चार महिने तुटणार. सिस्टर लसीचा डबा घेऊन गेल्या. वेशीवर वाटेत आडवे लाकूड टाकलेले होते. तिथे उभ्या असलेल्या पोरांनी सांगितले, आज गाव बंद आहे. गावात विज्जा पंडुम होता. सिस्टर अर्धा तास थांबून परतल्या. लसीची एकही कुपी न फोडता डबा परत आला. संध्याकाळी मी नोंदवहीत त्या गावापुढे लिहिले, ‘ग्रामस्थांचा असहकार’.

हा शब्द कागदावर एकदा उमटला की तो आपले काम करत राहतो. दिवाळीनंतर वाटा मोकळ्या झाल्या तेव्हा फेऱ्यांची नवी यादी मीच केली, आणि जे गाव आपल्याला नको म्हणते तिथे आधी कशाला जायचे, या विचाराने ते गाव तळाशी टाकले. माघात त्या गावात गोवर आला. गोवर हा हवेतून पसरणारा रोग. लस न घेतलेली आणि आधी गोवर न झालेली दहा मुले रुग्णाच्या सहवासात आली, तर त्यांतल्या साधारण नऊ जणांना तो गाठतो. चांगल्या खात्यापित्या घरात पोर आठवड्यात उठून बसते. अंगात आधीच रक्त कमी, ‘अ’ जीवनसत्त्व कमी, आणि वरून गोवर आला तर फुप्फुसे आणि आतडी दोन्ही बसतात. आम्ही पोहोचलो तोवर दोन मुले गेली होती. एक तीन वर्षांचा मुलगा, आणि दुसरी दीड वर्षाची मुलगी. तिला मेमध्ये लस सहज देता आली असती.

त्या गावच्या गायत्याशी माझे बोलणे आमच्या आरोग्यसेवकाने करून दिले. म्हातारा रागावलेला नव्हता, हे मला जास्त जड गेले. तो म्हणाला, “तुम्ही आलात त्या दिवशी आम्ही देवाजवळ होतो. एक दिवस थांबून आला असता, तर सगळं गाव घरीच होतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

पंडुमाच्या दुसऱ्या दिवशी सारे गाव घरी असते. कुणी रानात जात नाही, रात्रभर नाचून थकलेले असतात, पाहुणेही मुक्कामी असतात. लसीकरणासाठी याहून सोयीचा दिवस वर्षात दुसरा नसेल. पुढच्या वर्षी आम्ही आधी माणूस पाठवून तारीख विचारली आणि दुसऱ्या दिवशी गेलो. लोकांनी आनंदाने रांग लावली असे मी सांगणार नाही. दोन आया लेकरे पाठीला बांधून मागच्या दाराने निसटल्या आणि एका आजोबांनी आधी मला टोचून दाखवा म्हणून हट्ट धरला. पण गाव जागेवर होते आणि काम झाले. नोंदवहीतला तो शब्द मात्र मी खोडला नाही. तो माझ्याविषयीचा आहे असे समजून राहू दिला.

जे मला असे शिकावे लागले, ते काही वडीलधाऱ्यांना आधीच उमगले होते. 1973 साली बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे राहून आधी माडिया भाषा शिकून घेतली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत ‘सर्च’ची स्थापना केली. पुढे रुग्णालय बांधताना त्यांनी ते कसे असावे हे लोकांनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, असे लोकांनी सांगितले. म्हणून शोधग्रामचा दवाखाना आदिवासी घरांसारख्या बैठ्या खोल्यांचा झाला आणि त्याला लोकांच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. देवीच्या जत्रेला येणारी माणसे तिथे आरोग्याचीही चर्चा करतात.

आता तो आंबा. पंडुमापूर्वी कैरी का खात नाहीत, असे मी त्या गायत्याला पुढे एकदा विचारले. डॉक्टर असल्यामुळे माझ्याकडे उत्तर तयार होते. कोवळी कैरी झोडपली तर फळ पिकणार नाही, कोय धरणार नाही, रानात नवे झाड येणार नाही. शिवाय पिकलेल्या आंब्यातून मुलांना जे ‘अ’ जीवनसत्त्व मिळते ते कैरीतून तितके मिळत नाही. यात तथ्य असेलही. म्हाताऱ्याने मात्र सरळ सांगितले, “आमच्या मेलेल्यांनी अजून खाल्ला नाही. त्यांच्या आधी आपण कसा खायचा?”

आपल्या प्रत्येक रूढीमागे पूर्वजांनी विज्ञान दडवून ठेवले आहे, असे सांगणारे संदेश हल्ली घरोघरी फिरतात. आपल्यालाही आले असतील. मी त्यांच्यापासून चार हात दूर असतो. म्हाताऱ्याला जीवनसत्त्व ठाऊक नव्हते आणि त्याची गरजही नव्हती. आपल्या आधी दुसरे कुणीतरी जेवायचे आहे, एवढे त्याला पुरेसे होते. त्यातून झाड वाचले, तर ते झाडाचे भाग्य.

काही वर्षांपूर्वी एका वैद्यकीय परिषदेसाठी एप्रिलच्या मध्याला गुवाहाटीला गेलो असता तिथे रोंगाली बिहू चालू होता. ढोल, पेपा, नाचणारी तरुण मुले, गोड पिठ्यांची ताटे. आदल्या दिवशी गाई-बैलांना नदीवर नेऊन न्हाऊ घातले होते, ते ऐकून मला आपला पोळा आठवला. पण माझ्या मनात घर केले ते आसामच्या दुसऱ्या बिहूने. तिथे वर्षात तीन बिहू असतात. वैशाखाचा रोंगाली आणि माघातला, कापणीनंतर पोटभर खाण्याचा भोगाली हे दोन सर्वांना ठाऊक. या दोहोंच्या मध्ये ऑक्टोबरात काती बिहू येतो, त्याला कंगाली बिहूही म्हणतात. त्या वेळी कणग्या रिकाम्या आणि भात अजून शेतात उभे असते. मेजवानी नाही, नाच नाही. तुळशीपाशी आणि शेताच्या बांधावर दिवे लावायचे, एवढाच सण. घरात काही नसल्याच्या दिवसांनाही त्यांनी एक सण दिला आहे.

आपल्या झाडीपट्टीतही असा काळ आहे. श्रावण आणि भाद्रपद. जुने धान संपत आलेले, नवे निसवायचे. रानातून वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, आणि सात्या, म्हणजे भुईतून उगवणारी अळंबी मिळते, पण त्यावर पोट किती भरणार? रोवणीने अंगे मोडलेली. नेमके याच दिवसांत डास, दूषित पाणी आणि साप हे तिघेही जोरात असतात. माझ्या दवाखान्यातील सर्वांत थकलेली माणसे मी याच दोन महिन्यांत पाहतो.

आणि याच दिवसांत मारबत येते. विदर्भाबाहेरच्या वाचकांना हे नवे असेल. श्रावणी अमावास्येला पोळा झाला की दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे गावकरी, विशेषतः पोरे, दारात खोवलेल्या पळसाच्या फांद्या गोळा करून गावाबाहेर नेतात आणि मोठमोठ्याने ओरडतात. एकेका रोगाचे नाव घेऊन मारबतीला सांगतात, की जाताना हा तुझ्याबरोबर घेऊन जा. नागपुरात काळी आणि पिवळी अशा मारबतींच्या मिरवणुका निघतात आणि त्यांत हल्ली महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळे घातले जाते. खेड्यात मात्र अजून रोगच. खोकला, ताप, खरूज, हगवण. अंथरुणात पडल्या पडल्या ती आरोळी ऐकताना मला नेहमी वाटते, की हा आमच्या बाह्यरुग्ण विभागाचा सप्टेंबरचा तक्ताच कुणीतरी गल्लीतून वाचत चालले आहे. मारबत रोग नेत नाही, हे मी आपल्याला सांगायला नको. पण आपल्या गावात सध्या कोणकोणते आजार आहेत, हे वर्षातून एकदा सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणणे मला मुळीच वाईट वाटत नाही. माझी एक सूचना मात्र आहे. त्या पहाटे फांद्या बाहेर नेताना अंगणातली फुटकी मडकी, टायर आणि डबकीही रिकामी करावीत. मारबतीला तेवढीच मदत.

इथल्या दुसऱ्या सणांबद्दल थोडक्यात. चैत्रात चंद्रपूरला महाकालीची यात्रा भरते. मराठवाड्यातून, तेलंगणातून भाविक येतात आणि झरपट नदीच्या काठी उतरतात. त्याच सुमारास आमच्या गावचा पारा 45 अंशांकडे सरकत असतो. यात्रेला येणाऱ्यांनी दर्शन सकाळी लवकर घ्यावे आणि पाणी बरोबर ठेवावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण पाठच करा. उन्हात चालता चालता माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सावलीत आडवे करून अंगावर पाणी घालावे, वारा घालावा आणि तात्काळ रुग्णालयात न्यावे. अशा वेळी अंगात आले म्हणून हात जोडून बसू नये. हे लिहिण्याचे धाडस मी अनुभवाने करतो आहे.

दिवाळीनंतर झाडीपट्टीत मंडई भरते आणि रात्रभर नाटके रंगतात. वडसा हे या नाटक मंडळ्यांचे केंद्र. चंद्रपूरच्या जिवती भागातील गोंड-कोलामांच्या वस्त्यांत दंडारीच्या दिवसांत मोरपिसांचे भव्य टोप घालून नाच होतो. हे सारे अवश्य पाहावे. मात्र चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत आणि या थंड रात्री त्यांना बाधतात. थंडी, पाणी कमी पिणे, अतिश्रम आणि दारू या चारही गोष्टींनी त्यांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्या अडवतात आणि हाडे फोडून निघाल्यासारख्या वेदना होतात. अशा मुलांना मी पूर्वी जत्रेला जाऊच देत नसे. मग एका चौदा वर्षांच्या मुलाने मला विचारले, की गोळ्या खाऊन जगायचे ते कशासाठी, घरात बसण्यासाठी? आता मी सांगतो, जा. स्वेटर, पाण्याची बाटली आणि गोळ्या घेऊन जा, मध्यरात्री परत ये. तो मुलगा आता बाप झाला आहे. लग्नाआधी त्याने होणाऱ्या बायकोचे रक्त तपासून घेतले होते. 2023 पासून देशभर सिकलसेलची तपासणी मोहीम सुरू आहे. घरात विवाहयोग्य मुले असतील तर तिचा लाभ घ्यावा.

मोहाच्या दारूबद्दल विचारल्याशिवाय कुणी राहत नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. पंडुमात देवापुढे मोहाचे चार थेंब सांडतात, तो त्यांचा आचार आहे आणि त्यावर मी बोलणार नाही. बाजारात प्लॅस्टिकच्या पिशवीतून विकली जाते ती वस्तू वेगळी. तिने यकृत गेलेली माणसे मी तपासली आहेत. मोहफुलांचा मला आवडणारा उपयोग म्हणजे वाळवून, भाजून, तीळ घालून कुटलेला लाडू. जुन्या काळी टंचाईत या फुलांनी घरे जगवली आहेत. वेचायला जाणारी बाई पहाटे अंधारात वाकलेली असते आणि ब्रह्मपुरी, ताडोबाच्या परिसरात त्याच वेळी वाघ फिरतो, हे त्या लाडवाचे मोलही लक्षात असू द्यावे.

आपण कधी या बाजूला सण पाहायला आलात, तर मच्छरदाणीत झोपा, संध्याकाळी अंगभर कपडे घाला आणि अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नका. घरी परतल्यावर महिन्याभरात ताप आला, तर डॉक्टरांना ‘मी गडचिरोलीला जाऊन आलो’ हे वाक्य सर्वांत आधी सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. इथला मेंदूचा हिवताप वाट पाहत नाही. पावसाळ्यात मुळातच येऊ नका. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. आणि वेशीवर लाकूड आडवे दिसले तर गाडी मागे घ्या, फोटो काढू नका. विचारले तर सांगतात.

गेल्या एप्रिलच्या त्या फेरीत आम्ही जात होतो ते त्याच जुन्या गावी, निमंत्रण नसताना. तिथे आता रस्ता आहे, शाळा आहे, काही घरांवर टीव्हीच्या थाळ्या आहेत. गायता केव्हाच गेला. त्याचा नातू गटप्रवर्तक ताईंबरोबर औषधांचे खोके वाहून नेण्यापासून मोबाइलवर नोंदी करण्यापर्यंत सगळे करतो. आम्हाला पाहून तो हसला. “दोन आठवडे लवकर आलात साहेब. मरका पंडुम अजून ठरला नाही.” चहा दिला, मोहाचे लाडू दिले, कैरीचे नाव नाही. निघताना माझा फोन नंबर घेतला.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्याचा फोन आला. तारीख ठरली होती, बुधवार. मी म्हणालो, मग बुधवारी सकाळीच पोहोचतो.

“बुधवारी नको जी,” तो म्हणाला. “बुधवारी आम्ही देवाजवळ असतो. गुरुवारी या. लसवाल्या सिस्टरही गुरुवारीच येतात.”